आत्याचं विमान

शनिवार, रात्र

आज आत्याला उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर, सोडून आलो. हैदराबादला लेकीचे दिवस भरत आलेत. मागच्या वेळी ट्रॅव्हल्सनं रात्रभर बसून गेली आणि दोन दिवस कंबर धरून होती, म्हणून यंदा विमान. वेळ दोनदा बदलली, त्यावर बोलत नाही.

सामान १५ किलोच्या वर नको, म्हणून काल कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर बॅग ठेवली. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतविडा. काटा १४.८००. आत्या म्हणाली, "बघ, दोनशे ग्रॅमची जागा हाय अजून."

तर आज दाराशी निरोप घेऊन ती आत गेली, मी काचेबाहेर. काउंटरवरच्या मुलीनं हातातल्या पिशवीबद्दल काहीतरी विचारलं आणि आत्यानं तिथंच फरशीवर बसकण मारली. पिशवीतनं कांदा-लसूण मसाल्याचा डबा निघाला. तिखट विमानात जवळ ठेवू देत नाहीत, हे मीच सांगायचं विसरलो. मोठी बॅग उघडली, नऊवारीच्या घडीत डबा गुंडाळला, वर दोन गाठी. मागच्या रांगेतल्या एका बाईनं गुडघा टेकवून चेन लावून दिली. वजन वाढलं असणारच, पण कुणी काही म्हटल्याचं दिसलं नाही.

हा विमानतळ कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली सुरू केला, नावही त्यांचंच आहे. आमच्या लहानपणी मात्र तिथं विमानापेक्षा गवतच जास्त बघितलं. मधली कित्येक वर्षं प्रवासी विमान नव्हतंच, २०१८ ला केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतून परत चालू झालं. नवी इमारत मार्च २०२४ ची. काळ्या दगडाच्या कमानी, जुन्या वाड्यागत. मला आवडते. चहाचा दर मात्र वाड्यालाही न शोभणारा.

बाहेर कुंपणाच्या कडेला एक जण पोराला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून उभा होता. मीही थांबलो. पंख्याचं विमान, पंखे फिरायला लागले की कुंपणाजवळ बोललेलं ऐकू येत नाही. पोरगं हात हलवत होतं. मीही हलवला. आत्या कुठल्या खिडकीत होती कुणास ठाऊक.

गोकुळ शिरगावला थोडं काम होतं. ते उरकून घरी येऊन हात धुतो तोवर फोन.

"पोचले रे. डबा सांडला नाही. आमटी टाकलीया."