लॅपटॉप तुमचाच आहे हे सांगायला फाइली उघडाव्या लागू नयेत

चोरीला गेलेला लॅपटॉप सापडला की ठाण्यात पहिला प्रश्न येतो, ‘तुमचाच कशावरून?’ बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: सुरू करून बघा, आत आमच्या घरच्यांचे फोटो आहेत. हा सगळ्यात कच्चा पुरावा. चोरानं विंडोज नव्यानं टाकलं असेल तर फोटो कधीच गेलेले असतात. टाकलं नसेल, तर चार अनोळखी माणसांसमोर बँकेचे कागद, घरचे फोटो, गिऱ्हाइकांचे हिशेब सगळं उघडं पडतं. मालकीचा पुरावा कंप्युटरच्या बाहेर हवा आणि आतल्या फाइलींना पक्कं कुलूप हवं. दोन्ही कामं लॅपटॉप हातात असतानाच होतात, गेल्यावर नाही.

आधी सिरियल नंबर. लॅपटॉप उलटा करा, खाली स्टिकर किंवा कोरलेली बारीक अक्षरं दिसतील. तिथे तीन-चार नंबर असतात आणि घाईत नेमका चुकीचा उतरवला जातो. मॉडेल नंबर त्या मॉडेलच्या प्रत्येक लॅपटॉपवर सारखाच असतो, एचपीचा प्रॉडक्ट नंबरही तसाच. आपल्याला हवा तो ‘एस/एन’च्या पुढचा. डेल त्याला सर्व्हिस टॅग म्हणते, तो सात अक्षर-आकड्यांचा असतो. एसरवर एसएनआयडी नावाचा आणखी एक, नुसत्या आकड्यांचा नंबर असतो, तोही टिपून ठेवा. शून्य आणि इंग्रजी ओ, आठ आणि बी यांची गल्लत तक्रार लिहिताना हमखास होते, म्हणून हातानं लिहिण्याबरोबर स्टिकरचा स्पष्ट फोटोही काढा. खोक्यावरच्या स्टिकरवरही तोच नंबर असतो. खोकं ठेवायला जागा नसेल तर तेवढा पुठ्ठा कापून बिलाला जोडा.

स्टिकर घासतं, खरवडताही येतं. म्हणून तोच नंबर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, बघून जुळवा. सुरू होताना डेल आणि असूसला एफ२, एचपीला एफ१० दाबायचं. विंडोजमधूनच बघायचा असेल तर पॉवरशेलमध्ये (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) ‘गेट-सिमइन्स्टन्स विन३२_बायोस’ ही कमांड रोमन अक्षरांत टाइप करा: Get-CimInstance Win32_BIOS. मॅकवर ॲपलच्या मेनूत ‘अबाउट धिस मॅक’. हा नंबर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो, त्यामुळे विंडोज कितीदाही टाकलं तरी तो राहतो. मदरबोर्ड बदलला तर मात्र तो नव्यानं भरावा लागतो, आणि पुष्कळदा कुणी भरत नाही. तेव्हा बोर्ड बदलल्याची पावती मूळ बिलाइतकीच जपा.

असेंबल केलेल्या कंप्युटरची गोष्ट वेगळी. तिथे ही कमांड दिली की नंबराच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ किंवा ‘डीफॉल्ट स्ट्रिंग’ एवढंच येतं. आपल्याकडे दुकानं, क्लासेस, झेरॉक्स सेंटर, फाउंड्रीची ऑफिसं यांतली कितीतरी मशीन अशीच सुटे भाग आणून जोडलेली आहेत. मशीन म्हणून त्यांना ओळखच नसते. ओळख असते ती भागांना. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) आणि पॉवर सप्लाय यांच्या स्टिकरचे फोटो काढा. एसएसडीचा नंबर ‘गेट-फिजिकलडिस्क’नं (Get-PhysicalDisk) आणि बोर्डाचा ‘गेट-सिमइन्स्टन्स विन३२_बेसबोर्ड’नं (Get-CimInstance Win32_BaseBoard) स्क्रीनवरही येतो. चोरीत कॅबिनेट जागेवर राहतं आणि ग्राफिक्स कार्ड तेवढं जातं, असंही होतं. त्या कार्डाचा नंबर लिहिलेला नसेल तर तक्रारीत लिहायला काहीच उरत नाही.

आता बिल. कोल्हापुरात राजारामपुरीत घ्या नाहीतर शाहूपुरीत, नुसतं ‘लॅपटॉप, नग १’ असं बिल घेऊन बाहेर पडू नका. जीएसटी बिलावर मॉडेलसोबत सिरियल नंबर छापून घ्या. छापता येत नसेल तर हातानं लिहून दुकानाचा शिक्का आणि सही घ्या. बिल कुणाच्या नावावर आहे तेही बघा. इनपुट क्रेडिटसाठी फर्मच्या नावावर घेतलेल्या लॅपटॉपची मालक फर्म असते, आणि परत मागताना फर्मच्या लेटरहेडवर अधिकारपत्र लागतं. मुलाच्या कॉलेजसाठी वडिलांच्या नावावर घेतलेल्या लॅपटॉपलाही हाच हिशेब लागू.

थर्मल कागदावरचं बिल एक-दोन वर्षांत पांढरं पडतं, म्हणून त्याची झेरॉक्स काढा. आणि कोल्हापुरात कागदाला आणखी एक धोका आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात खालच्या गल्ल्यांमधल्या घरांतली कपाटंच्या कपाटं पाण्याखाली गेली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या ३९ फुटांचा इशारा येईपर्यंत कागदांची आठवण कुणाला होत नाही. बिल, स्टिकरचे फोटो आणि पावत्या स्वतःलाच ईमेल करून ठेवा. त्या ईमेलचा पासवर्ड फक्त त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह असेल तर उपयोग शून्य.

जुना लॅपटॉप घेताना मूळ बिलाची प्रत आणि विक्रीपत्र दोन्ही मागा. विक्रीपत्र साध्या कागदावर चालतं: दोघांची नावं-पत्ते, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, सह्या. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या; आधार असेल तर आकडे झाकलेलं मास्क्ड आधार पुरे. पैसे यूपीआयनं द्या, म्हणजे तारीख आणि रक्कम दोन्हींची नोंद राहते. मग विक्रेत्यासमोरच मशीन पूर्ण रीसेट करून वायफायला जोडा. कंपन्यांकडून आलेल्या लॅपटॉपवर ऑटोपायलट (मशीन कंपनीच्या ताब्यात ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय) शिल्लक असेल तर तिथेच एखाद्या कंपनीचं लॉगिन मागितलं जातं. मॅकवर ॲक्टिव्हेशन लॉक असेल तर जुन्या मालकाचं ॲपल अकाउंट (आधीचा ॲपल आयडी) मागतो. दोन्ही बाबतींत व्यवहार थांबवायचा. चोरीचा कंप्युटर माहीत असून घेतला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ब नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्याला माहीत नव्हतं हे दाखवायला हेच कागद उपयोगी पडतात.

फाइलींच्या कुलपाबद्दल फार मोठा गैरसमज आहे. विंडोजचा लॉगिन पासवर्ड म्हणजे फाइलींचं संरक्षण, असं लोक धरून चालतात. तो पासवर्ड फक्त त्या विंडोजला अडवतो. एम.२ एसएसडी एका स्क्रूवर बसवलेली असते. ती काढून यूएसबी एन्क्लोजरमध्ये घातली आणि दुसऱ्या कंप्युटरला लावली की सगळे फोल्डर पासवर्ड न विचारता उघडतात. याला उपाय एकच, डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात सगळी डिस्क साठवणं. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, होममध्ये चालणाऱ्या मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स.

‘चालू आहे’ असं दिसलं म्हणून विसंबू नका. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘मॅनेज-बीडीई’ आणि त्यापुढे ‘-स्टेटस’ द्या (manage-bde -status). ‘पर्सेंटेज एन्क्रिप्टेड’ १०० टक्के आणि तरीही ‘प्रोटेक्शन ऑफ’ असं दिसलं, तर डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे पण तिची किल्ली त्याच डिस्कवर उघडी पडलेली आहे. नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय, लोकल युजरवर चालवला की बऱ्याचदा हीच अवस्था असते. खात्यानं साइन इन केलं की रिकव्हरी की (अडल्यावर डिस्क उघडायचा लांबलचक आकडा) तिथे जमा होते आणि कुलूप खरोखर लागतं. दुसरी अडचण ‘युज्ड स्पेस ओन्ली’ची, म्हणजे फक्त भरलेली जागा एन्क्रिप्ट करायच्या पर्यायाची. जुन्या, वापरातल्या डिस्कवर हा पर्याय निवडला तर आधी डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष रिकाम्या जागेत एन्क्रिप्ट न होताच राहतात. जुन्या डिस्कला पूर्ण ड्राइव्हचाच पर्याय द्या; वेळ लागतो, लागू दे.

याहून गंभीर चूक दुकानात होते. घाईत दुकानदाराच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यावर विंडोज सेटअप केलं जातं. मग तुमच्या डिस्कची रिकव्हरी की त्याच्या खात्यात जाऊन बसते आणि मशीनही त्याच्याच नावाखाली दिसतं, म्हणजे मालकी आणि खासगीपणा दोन्ही एका फटक्यात गेलं. नुसतं खातं बदलून भागत नाही, कारण जुनी की चालूच राहते. एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा, डिक्रिप्ट होऊ द्या, ते खातं काढा, आपल्या खात्यानं साइन इन करा आणि पुन्हा चालू करा. आता नवी की तयार होते.

रिकव्हरी की म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. बायोस अपडेट किंवा मदरबोर्ड बदल झाला की लॅपटॉप ती मागतो, आणि ती नसेल तर डेटा कुणीही परत आणू शकत नाही. दोन छापील प्रती करा. एक घरी, दुसरी दुसऱ्या घरातल्या भरवशाच्या माणसाकडे. लॅपटॉपच्या बॅगेत कधीही नाही. छापताना की आयडीसुद्धा छापा. रिकव्हरीच्या स्क्रीनवर तोच येतो आणि त्यावरून कोणती की कुठल्या मशीनची ते कळतं. एन्क्रिप्ट केलेली डिस्क बिघडली तर रिकव्हरीवाल्यालाही फारसं काही करता येत नाही, म्हणून बॅकअप हवाच. तो बॅकअप उघड्या एक्स्टर्नल डिस्कवर ठेवला तर सगळी मेहनत वाया. विंडोज होममध्ये बाहेरच्या डिस्कवर बिटलॉकर नव्यानं लावता येत नाही. तिथे व्हेराक्रिप्ट हे डिस्क एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर वापरा.

एसटीनं पुण्याला निघताना लॅपटॉप नुसता झाकण लावून बॅगेत टाकू नका. स्लीपमध्ये डिस्कची किल्ली मेमरीत जिवंत असते. पूर्ण बंद करा किंवा हायबरनेट करा.

दुरुस्तीला देताना बिजागरी, बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन यांतल्या कशालाही विंडोजचा पासवर्ड लागत नाही. बायोसची स्क्रीन दिसली, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चाललं, की तपासणी झाली. एसएसडी निघत असेल तर काढून घरी ठेवा. जॉबशीटवर लॅपटॉपचा सिरियल नंबर, रॅम किती जीबीची, एसएसडी दिली की नाही, हे लिहून घ्या. पासवर्डचा रकाना रिकामा सोडा.

चोरी झालीच तर ‘गहाळ’ अशी नोंद करून समाधान मानू नका. पोलिसांच्या पोर्टलवरची हरवल्याची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे, आणि विम्याला एफआयआर लागतो. प्रवासात कुठे गेला हे कळलं नाही तरी जवळच्या ठाण्यात झीरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवायचा एफआयआर, देता येतो. प्रत मोफत मिळते. सिरियल नंबर तक्रारीतच आला पाहिजे. आयएमईआयवरून मोबाइल ब्लॉक करायची सरकारी सोय साध्या लॅपटॉपला नाही, त्यामुळे त्याचा शोध या नंबरावरच चालतो. त्याच दिवशी दुसऱ्या मोबाइलवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा.

सापडलेला लॅपटॉप मुद्देमाल म्हणून जमा होतो. तो परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो, सोबत बिल, एफआयआरची प्रत, ओळखपत्र. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, की असा मुद्देमाल पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त ठाण्यात पडून राहू नये. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्येही फोटो आणि वर्णन करून तो लवकर सोडवायची तरतूद आहे. वकिलांना या दोन्हींचा उल्लेख अर्जात करायला सांगा. ओळख पटवताना पंचनाम्यातला नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून दाखवा. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. कुणी सुरू करून दाखवायला सांगितलं तर आपल्या नावाची लॉगिन स्क्रीन दाखवा, तेवढ्यात नाव दिसतं. लॅपटॉप बंधपत्रावर मिळाला तर तो विकू नये, हवा तेव्हा हजर करावा अशा अटी असतात, म्हणून आदेश नीट वाचा. विंडोज नव्यानं टाकायची मोकळीक आहे का हेही वकिलांना विचारा, आणि ते टाकेपर्यंत त्या मशीनवर बँकेचं काहीही उघडू नका.