मिसिंगचा माग, नोंद तिसरी: नोझल बदललं, तरी सकाळी थरथर

माझ्या जुन्या डिझेल गाडीत मिसिंग होती, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेत नव्हता. मागच्या वेळी तिसऱ्या सिलिंडरचं नोझल (इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक) खराब असल्याचं लिहिलं होतं. ते खरं निघालं, पण दुखणं तेवढंच नव्हतं.

नोझल पकडलं ते असं. इंजिन आयडलवर ठेवून इंजेक्टरकडचे पाईपचे नट एकेक करून अर्धा फेरा सैल केले. पहिला, दुसरा, चौथा सैल केला की आवाज बसायचा. तिसऱ्याला काही फरकच नाही, म्हणजे तो आधीच मेलेला. मग दुसरा आणि तिसरा इंजेक्टर अदलाबदल केले, तर मिसिंग दुसऱ्यावर गेली. कॉम्प्रेशन किंवा व्हॉल्व्हचा दोष असता तर त्यानं जागा सोडली नसती. इंजेक्शन पंप दुरुस्त करणाऱ्याकडे ते नोझल टेस्टरवर लावलं तेव्हा धुक्यासारख्या फवाऱ्याऐवजी सरळ धार पडत होती. (ही नट सैल करायची परीक्षा फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवरच करा. नव्या डिझेल गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, धार कातडीतून आत घुसते. तिथे पाना लावूच नका.)

नवीन नोझल, खाली नवं तांब्याचं वॉशर. पसरणी घाट धूर न सोडता चढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्टार्ट झाल्यावर दहाएक सेकंद नीट चालली, मग थरथर आणि पांढरा धूर. दोन मिनिटांनी पुन्हा सुरळीत.

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणून आधी हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) तपासले. चारही चांगले. तसंही हीटर गेला असता तर पहिल्या सेकंदापासून त्रास झाला असता. इथे आधी नीट चालून मग बिघडत होती, आणि नटाच्या परीक्षेत दर वेळी वेगळाच सिलिंडर मेलेला दिसत होता. म्हणजे दोष पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, जिथे चौघांचं डिझेल एकत्र असतं. गाडी एअर धरत होती, म्हणजे डिझेलच्या पाईपात हवा शिरत होती.

दोन आठवडे मी पाईपांवर ओल शोधत होतो, तिथेच वेळ गेला. टाकीकडून डिझेल ओढून घेतलं जातं, त्यामुळे त्या पाईपला भेग पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी लावली. सकाळी त्यात सोड्यासारखे बुडबुडे! मग तीच नळी एकेक सांधा मागे नेत गेलो. वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा) आधीही बुडबुडे होतेच. टाकीकडच्या रबरी पाईपला क्लॅम्पखाली बारीक चीर होती, पाईप वाकवल्याशिवाय न दिसणारी.

पाईप, दोन्ही क्लॅम्प आणि बँजो बोल्टची (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याची वॉशरं बदलली. हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल करून फेस थांबेपर्यंत हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा पंप) मारला. आज चौथी सकाळ, थरथर नाही. पारदर्शक नळी आणखी आठवडाभर ठेवून काढणार, इंजिनच्या उष्णतेनं ती कडक होते.

पहिल्या सिलिंडरकडून बारीक टकटक अजून येते. रविवारी इंजिन थंड असताना टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट मोजतो.