तारीख सांगता, तर जागाही सांगा

मे २००३, डिसेंबर २०१२ आणि सप्टेंबर २०१७ अशा तीन वेळा जगबुडीची तारीख जाहीर झाली आणि तिन्ही वेळा कारण एकच सांगितले गेले. निबिरू नावाचा एक अज्ञात, महाकाय ग्रह सूर्यमालेच्या आतल्या भागात शिरत आहे. तो पृथ्वीवर आदळेल, किंवा इतक्या जवळून जाईल की त्याच्या ओढीने पृथ्वीचा आस कलंडेल, असा हा दावा आहे. तिन्ही तारखा आल्या आणि गेल्या. दावा मात्र टिकून आहे, आणि मधूनमधून तो नव्या चित्रफितीच्या रूपाने मराठी व्हॉट्सॲप गटांवरही येतो. वीज खात्यातून निवृत्त झालेले माझे थोरले मावसभाऊ, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, ते या विषयावर माझ्याशी मनापासून वाद घालतात. अण्णा भोळे नाहीत. त्यांचे प्रश्न चांगले असतात, आणि चांगल्या प्रश्नाला हसून वाटेला लावणे मला पटत नाही. म्हणून त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरे इथे सविस्तर मांडत आहे.

आधी या ग्रहाचा उगम पाहू. झेकारिया सिचिन या लेखकाने १९७६ साली मांडले की मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, प्राचीन सुमेरी लोकांना निबिरू नावाचा ग्रह ठाऊक होता आणि तो दर ३,६०० वर्षांनी सूर्याजवळ येतो. यासाठी त्यांनी बर्लिनच्या संग्रहालयातल्या एका दंडगोल मुद्रेवरील चित्राचा आधार घेतला. कीलाक्षर लिपीचे अभ्यासक हे वाचन मान्य करत नाहीत, कारण मेसोपोटेमियातल्या ज्या मृत्तिकापट्ट्यांवर ग्रहांच्या नोंदी आहेत, त्यांवर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पाच ग्रहांपलीकडचा एकही ग्रह नाही. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या नॅन्सी लीडर यांनी, परग्रहवासीयांकडून आपल्याला संदेश मिळतात असे सांगत, पृथ्वीजवळून जाणाऱ्या एका मोठ्या ग्रहाचे भाकीत केले आणि त्यासाठी मे २००३ ही वेळ दिली. ती टळल्यावर हेच भाकीत माया कालगणनेतल्या एका मोठ्या आवर्तनाच्या समाप्तीला, म्हणजे २१ डिसेंबर २०१२ ला, जोडले गेले. स्वतः सिचिन यांनी अशा प्रलयाशी आपल्या लेखनाचा संबंध नाकारला होता, ही गोष्ट चित्रफितींत कधीच सांगितली जात नाही.

पण उगम संशयास्पद आहे एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही, असे अण्णा म्हणतात, आणि ते बरोबर आहे. दावा खोटा ठरतो तो त्याच्याच आकड्यांवरून.

केप्लरचा तिसरा नियम आपण शाळेत शिकतो: प्रदक्षिणेच्या काळाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. पृथ्वीचे अंतर एक आणि वर्ष एक धरले, तर ३,६०० चा वर्ग होतो १,२९,६०,००० आणि त्याचे घनमूळ येते सुमारे २३५. म्हणजे निबिरूचे सरासरी अंतर पृथ्वीच्या २३५ पट हवे, आणि तो एका टोकाला पृथ्वीच्या कक्षेच्या बराच आत, सूर्याच्या अगदी जवळ येत असेल, तर दुसरे टोक सुमारे ४७० पट अंतरावर असणार. इतकी लांबट कक्षा असलेली वस्तू सूर्याकडे येते तेव्हा तिचा वेग दीर्घकालीन धूमकेतूसारखा असतो, आणि कोणत्या वेळी ती कुठे असेल याचे गणित एका पानावर मावते. पृथ्वीच्या कक्षेपर्यंत पोचण्याच्या सुमारे बारा वर्षे आधी ती नेपच्यूनच्या अंतरावर असते, सुमारे दोन वर्षे आधी शनीच्या अंतरावर आणि साधारण दहा महिने आधी गुरूच्या अंतरावर. सातारहून निघून सकाळी नऊला कऱ्हाडला पोचणारी एसटी साडेआठच्या पुढेमागे उंब्रजच्या आसपास असलीच पाहिजे, तसेच हे आहे. ती तिथे नसेल तर ती नऊला येत नाही.

डिसेंबर २०१२ ची तारीख या गणिताला लावून पाहा. तो ग्रह २००० साली नेपच्यूनइतक्या अंतरावर, २०१० च्या अखेरीस शनीइतक्या अंतरावर आणि २०१२ च्या फेब्रुवारीत गुरूइतक्या अंतरावर असायला हवा होता. त्याचा आकार पृथ्वीच्या चौपट असल्याचे सांगितले जाई, आणि योगायोग असा की नेपच्यूनचा व्यासही पृथ्वीच्या जवळजवळ चौपट आहे. त्यामुळे तुलना सरळ करता येते. नेपच्यून आजही साध्या बायनॉक्युलरमधून दिसतो. तोच गोळा शनीच्या अंतरावर आणून ठेवला, तर गावाबाहेरच्या अंधाऱ्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांना सहज दिसेल. गुरूच्या अंतरावर आणला, तर तो स्वाती नक्षत्राच्या तोडीचा तेजस्वी होईल. आकाशात स्वातीसारखा एक नवा ठिपका महिनोन् महिने सरकत राहिला आणि तो कोणाच्याच ध्यानात आला नाही, हे शक्य नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते. आपल्याकडे आणि जगभर असे असंख्य हौशी आकाशनिरीक्षक आहेत, जे कोणाच्याही पगारावर नसतात आणि नवा धूमकेतू आपल्या नावावर लागावा म्हणून थंडीत रात्र रात्र जागतात.

यावर अण्णांचा पहिला आक्षेप असा होता की तो ग्रह सूर्याच्या मागे दडलेला असेल. परंतु पृथ्वी सूर्याभोवती फिरते. आज जे सूर्याच्या मागे आहे ते काही महिन्यांनी रात्रीच्या आकाशात येते. वर्षानुवर्षे सूर्याआड राहायचे, तर त्या ग्रहाला पृथ्वीच्या बरोबरीने, तिच्याच गतीने सूर्याभोवती फिरावे लागेल, आणि मग तो दुरून येणारा ग्रहच उरणार नाही. तो फक्त दक्षिण ध्रुवावरून दिसतो, हे आणखी एक उत्तर दिले जाते. दक्षिण गोलार्धात ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका हे देश आहेत आणि जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी कित्येक तिथेच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तो ग्रह काळा असेल, प्रकाश परावर्तितच करत नसेल, तर काय? प्रकाश नाकारता येतो, पण वजन लपवता येत नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या आणि २०१७ पर्यंत शनीभोवती फिरलेल्या यानांशी होणाऱ्या रेडिओ संपर्कातून त्या ग्रहांची अंतरे अत्यंत काटेकोरपणे मोजली जातात, आणि एखादे अज्ञात वस्तुमान जवळ आले तर ती बिघडलेली दिसतात. आपलेच उदाहरण घेऊ. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. पृथ्वीच्या कित्येक पट वजनाचा ग्रह यान निघण्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१२ मध्ये, याच भागातून गेला असता, तर पृथ्वी आणि मंगळ दोघांच्याही कक्षा हलल्या असत्या आणि इस्रोने आधी करून ठेवलेले सगळे गणित हुकले असते. मंगळ हवा तिथे, हव्या त्या वेळी होता.

याहूनही मोठा पुरावा आपल्या पायाखाली आहे. दर ३,६०० वर्षांनी असा ग्रह येत असेल, तर सूर्यमालेच्या साडेचार अब्ज वर्षांच्या आयुष्यात त्याच्या साडेबारा लाख फेऱ्या झाल्या असत्या. इतक्या धक्क्यांनंतर पृथ्वीची कक्षा आजच्यासारखी जवळजवळ वर्तुळाकार राहिली नसती आणि चंद्र तिच्यापाशी उरला नसता. किंबहुना तो ग्रहच या आधी केव्हातरी सूर्यमालेबाहेर फेकला गेला असता.

अण्णांनी मध्यंतरी एक फोटो पाठवला होता. मावळत्या सूर्याजवळ आणखी एक फिकट, गोल तबकडी त्यात स्पष्ट दिसत होती. मी त्यांना एवढेच सांगितले की सूर्य आणि ती तबकडी यांना जोडणारी रेषा फोटोवर आखा आणि तिचा मध्य कुठे येतो ते पाहा. तो अगदी फोटोच्या मध्यावर आला. मग मी म्हटले, “अण्णा, उद्या पुन्हा तिथेच उभे राहा, फोन थोडा डावी-उजवीकडे वळवा, आणि नंतर छपराच्या कडेने सूर्य झाकून बघा. सूर्याकडे थेट मात्र पाहू नका, पडद्यावरच बघा.” फोन वळवला तशी तबकडी उलट दिशेने सरकली, आणि सूर्य झाकताच ती नाहीशी झाली. भिंगांच्या आतल्या पृष्ठभागांवरून होणाऱ्या परावर्तनाचा तो ठिपका होता. अण्णांनी ही करामत नंतर गल्लीतल्या मुलांनाही करून दाखवली, याचा मला फार आनंद झाला.

आता शास्त्रज्ञांच्या नावाने फिरणाऱ्या दोन गोष्टी. १९८३ च्या डिसेंबरअखेर एका प्रतिष्ठित अमेरिकन दैनिकात बातमी आली होती की आयरास या अवरक्त उपग्रहाला एक अनोळखी वस्तू दिसली असून ती गुरूएवढी आणि सूर्यमालेतली असू शकते, किंवा अतिशय दूरची दीर्घिकाही असू शकते. पहिला अर्धा भाग आजही फिरतो. पुढच्या निरीक्षणांत अशा अनोळखी वस्तू बहुतांशी दूरच्या दीर्घिकाच निघाल्या, हा दुसरा भाग कोणी पुढे पाठवत नाही. त्यानंतर वाइज या उपग्रहाने संपूर्ण आकाश अवरक्त किरणांत पाहिले, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पृथ्वी-सूर्य अंतराच्या १०,००० पटींपर्यंत शनीएवढा एकही अज्ञात ग्रह सापडला नाही.

दुसरी गोष्ट नवव्या ग्रहाची. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेच्या कॉन्स्टंटिन बॅटिगिन आणि माइक ब्राउन यांनी नेपच्यूनपलीकडच्या काही छोट्या पिंडांच्या कक्षांवरून एका दूरच्या ग्रहाची शक्यता मांडली, आणि “बघा, आता तेच कबूल करतात” असे म्हणणाऱ्यांना जोर आला. त्यांचा कल्पित ग्रह नेपच्यूनच्या कितीतरी पट लांब राहतो, त्याच्या एका प्रदक्षिणेला हजारो वर्षे लागतात आणि तो सूर्याच्या सर्वांत जवळ असतानाही नेपच्यूनच्या कक्षेपर्यंत पोचत नाही. तो अजून सापडलेला नाही. कदाचित सापडणारही नाही. याआधीही असे झाले आहे. युरेनसच्या गतीतल्या लहानशा फरकांवरून नेपच्यूनपलीकडच्या एका कल्पित ‘क्ष’ ग्रहाचा शोध दीर्घकाळ चालला होता. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळून गेले, नेपच्यूनचे खरे वस्तुमान कळले, आणि ते वापरून १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ माइल्स स्टँडिश यांनी आकडेमोड केली तेव्हा ते फरकच उरले नाहीत. पुरावा संपला, तसा तो ग्रहही सोडून दिला गेला. मला या प्रामाणिकपणाबद्दल अतोनात आदर आहे.

अण्णांचा सर्वांत चांगला प्रश्न चेल्याबिन्स्कचा होता. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात उल्का फुटली, हजारावर माणसे जखमी झाली, आणि ती येताना कोणालाच दिसली नव्हती. मग ग्रह दिसेलच कशावरून? चेल्याबिन्स्कची शिळा सुमारे २० मीटरची होती आणि सूर्याच्या दिशेने आली. निबिरू ५०,००० किलोमीटरचा सांगितला जातो. चेल्याबिन्स्कची काळजी रास्त आहे, त्यासाठी दुर्बिणी वाढवायला हव्यात, आणि निबिरूच्या गोंधळात नेमकी हीच रास्त काळजी हरवते.

हे सारे मी इतके लावून धरते याला कारण आहे. नासाचे डेव्हिड मॉरिसन लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देत असत, आणि २०१२ च्या आधी त्यांच्याकडे आलेल्या पत्रांत, भीतीपोटी जीव देण्याचा विचार मनात येतो असे लिहिणारी मुले होती. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही ज्यांना आठवते, त्यांना ही भीती नवी नाही. मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले म्हणून देशभर यज्ञ आणि जप झाले, माणसे प्रवास टाळत होती, आणि त्या आठांतला केतू हा तर केवळ चंद्राच्या मार्गावरचा एक गणिती बिंदू आहे. घाबरलेल्या मुलाला “काही होत नाही, झोप” म्हणून भागत नाही. त्याला गच्चीवर नेऊन, ग्रह इथे असायला हवा होता आणि इथे तो नाही, हे आकाश दाखवून सांगावे लागते.

शास्त्रज्ञ खरे संकट दडवून ठेवतात, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी अपोफिसचा इतिहास पुरेसा आहे. २००४ साली सापडलेला हा सुमारे साडेतीनशे मीटरचा लघुग्रह २०२९ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता त्याच डिसेंबरात २.७ टक्के निघाली, आणि तो आकडा सगळ्या जगासमोर ठेवला गेला. पुढच्या निरीक्षणांनी ती शक्यता पूर्ण मिटवली. भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून निघून जाईल. त्या आधीच्या प्रत्येक रात्री तो कोणत्या नक्षत्रात असेल याची कोष्टके आजच कोणालाही पाहता येतात, आणि अण्णांनी ती मागवून घेतली आहेत.