करार नव्हता, तरी डिपॉझिट परत मिळवलं: माझा अनुभव

घर सोडून तीन महिने झाले. तरी "बिल येऊ दे" हे शब्द आठवले की अजून माझं डोकं तापतं. आत्ता कुणी याच फेऱ्यात अडकलं असेल तर त्याचा थोडा तरी मनस्ताप वाचावा म्हणून सगळं लिहून काढतेय.

मी आणि माझा धाकटा भाऊ त्या घरात चार वर्षं राहिलो. राहायला आलो तेव्हा कराराचा विषय मीच काढला होता. घरमालक काका म्हणाले, "अगं, घरच्यासारखी तू, आपल्यात कागद कशाला?" आम्हाला घराची निकड होती, मी गप्प बसले. डिपॉझिट ५०,००० ठरलं. त्यातले ३०,००० मी ऑनलाइन पाठवले आणि २०,००० त्यांनी रोख मागितले. पावती नाही, काही नाही. भाडं मात्र दर महिन्याला खात्यातूनच जायचं, आणि पुढे त्याचाच आधार झाला.

घर सोडायचं ठरल्यावर महिनाभर आधी फोन केला आणि फोन ठेवल्या ठेवल्या तेच मेसेजमध्येही लिहिलं: "काका, आत्ता बोलल्याप्रमाणे आम्ही ३१ तारखेला घर रिकामं करतोय." त्यांनी "दोन महिन्यांची नोटीस लागते" म्हणून पाहिलं. पण तसं आमच्यात कधी ठरलंच नव्हतं. करारात किंवा स्थानिक कायद्यात वेगळं काही नसेल, तर राहत्या घराचं भाडं महिन्या-महिन्याचं धरलं जातं आणि कुठल्याही बाजूने १५ दिवसांची लेखी नोटीस पुरते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०६. मी तर ३० दिवस दिले होते. एवढं सांगितल्यावर तो विषय त्यांनी सोडला.

सामान हलवलं, घर झाडून-पुसून घेतलं, किल्ली दिली. हे सगळं एका दिवसात उरकलं. मग सुरू झाली ती वाट बघणं.

किल्ली घेताना काका म्हणाले, "विजेचं शेवटचं बिल येऊ दे, मग हिशेब करू." मला ते रास्त वाटलं. नशिबाने निघताना मी जिन्याखाली जाऊन मीटरचा फोटो काढला होता. काचेवर एवढी धूळ होती की ओढणीने पुसल्याशिवाय आकडे दिसेनात. त्या एका फोटोने पुढचा एक वाद मुळातच मिटला, कारण बिल आलं तेव्हा आमच्यानंतर तिथे रंगाऱ्यांनी वापरलेली वीजही त्यात होती. आमच्या रीडिंगपर्यंतचे पैसे ठरवून कळवले आणि म्हटलं, एवढे कापून बाकीचे पाठवा.

पैसे आले नाहीत. आधी "बाहेरगावी आहे". मग "बँकेचं काम आहे". मग रंगाचा खर्च काढला: "भिंती खराब केल्यात, २२,००० लागले." चार वर्षं माणसं राहिली की भिंतीचा रंग उतरतोच. वापराने होणारी स्वाभाविक झीज भाडेकरूने भरून द्यायची नसते. त्याच १८८२ च्या कायद्यात कलम १०८ मध्ये तसं आहे. शिवाय आमच्याकडे एक फोटो निघाला. राहायला आलो त्या दिवशी भाऊ खिडकीत उभा आहे आणि त्याच्या डोक्यामागे ओलीचा तपकिरी डाग स्वच्छ दिसतोय. ज्या डागासाठी आमच्याकडून पैसे मागत होते तो आमच्याआधीचाच होता. फोटो पाठवला, पण उत्तर आलं नाही.

पाचव्या आठवड्यात फोन उचलला आणि म्हणाले, "डिपॉझिट तीसच होतं. पन्नास म्हणतेस तर करार दाखव ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या माणसाने स्वतः कागद नको म्हटलं, तोच आता कागद मागत होता! दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन चार वर्षांपूर्वीपर्यंतचे सगळे मेसेज वाचत मागे गेले. दुपारी सापडला, त्यांचाच: "२० मिळाले. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली आहे." मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढला आणि भावाच्या फोनवरही पाठवून ठेवला.

त्याच दिवशी ओळखीच्या वकील ताईंशी बोलले. त्यांनी जे सांगितलं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक भाडेकरूला माहीत असायला हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरलं जातं. करार न नोंदवणाऱ्या मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पाच आठवडे मी अपराधी असल्यासारखी बोलत होते, "करार नाही ना आपला" असं म्हणत. चूक माझ्या बाजूची नव्हतीच.

मग एक पानी पत्र लिहिलं. राहायला आल्याची आणि किल्ली दिल्याची तारीख, डिपॉझिट कसं कसं दिलं, विजेचे किती कापायचे, बाकी किती, आणि १५ दिवसांची मुदत. कलम ५५ चा उल्लेख एका ओळीत केला. भांडणाचा एकही शब्द नाही, सुरुवातीला "आदरणीय काका" असंच लिहिलं. सोबत बँकेचं स्टेटमेंट, मेसेजचा स्क्रीनशॉट, दोन्ही फोटो. स्पीड पोस्टाने पाठवलं आणि पावती जपून ठेवली.

एक सांगायचं राहिलं. किल्ली देताना "किल्ली मिळाली" एवढं तरी लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं आणि पत्रात तारीख टाकताना हात अडखळला. शेवटी टेम्पोवाल्याला दिलेल्या पैशांची नोंद जोडली. आणि घर सोडायच्या आधीच सगळ्या खोल्यांचा सलग व्हिडिओ काढा, नळ सोडून, दिवे लावून. बँक स्टेटमेंटही लवकर काढून ठेवा.

पत्र पोचल्यावर नवव्या दिवशी संध्याकाळी खात्यात पैसे आले. विजेचे वजा करून बाकी सगळे, रंगाचा एक रुपया कापलेला नव्हता. भाऊ स्वयंपाकघरात होता, त्याला हाक मारून फोन दाखवला. मग काकांना लिहिलं: "पूर्ण रक्कम मिळाली. हिशेब संपला. धन्यवाद." त्यांनी "ओके" पाठवलं.

नव्या घरात सामान लावायच्या आधी करार नोंदवून घेतला. मालकीणबाईंनीच विचारलं, "करार कधी करायचा?" मी म्हटलं, "आजच."