‘क्लासिकल का सोडलंस?’: तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न एकच, विचारणारे दोन तऱ्हेचे. ट्रिनिटीच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीताच्या, परीक्षांच्या काळातले सोबती विचारतात, “एवढी क्लासिकल गिटार शिकलास आणि रॉकमध्ये कुठे गेलास?” आणि कार्यक्रम संपल्यावर स्टेजपाशी येणारी पोरं विचारतात, “सर, तुम्ही अजून क्लासिकलवाल्यांसारखे फूटस्टूलवर पाय ठेवून का बसता?” दोघांनाही आजवर तुटक उत्तरं दिली. आता नीट सांगतो.

मी काहीही सोडलेलं नाही. ब्राझीलचा संगीतकार विला-लोबोस याचा पहिला एट्यूड, म्हणजे सरावासाठी लिहिलेली रचना, ज्यांनी वाजवलाय त्यांना कळेल. उजव्या हाताचा एकच साचा, दर बारमध्ये, म्हणजे एका आवर्तनात, १६ नोट्स, आणि डावा हात कॉर्ड बदलत जातो. आमच्या बँडच्या सगळ्यात लांब पीसचा मधला भाग याच साच्यातून आलाय. १६ मधल्या शेवटच्या २ काढल्या, उरल्या १४, दोन नोट्सची एक मात्रा धरली की सात मात्रा, म्हणजे ७/८ झालं. आमचा ड्रमर ते रूपकासारखं तीन-दोन-दोन मोजतो. अंगठ्याचा बास मात्र मी चार मात्रांतच चालू ठेवतो. २८ मात्रांनी दोघं पुन्हा समेवर भेटतात. अंगठा एकीकडे आणि बोटं दुसरीकडे, हे मला कुठल्या रॉकवाल्याने शिकवलं नाही. कार्कासी आणि सोर या जुन्या गिटारकारांनी आणि बाखच्या फ्यूगने शिकवलं, ज्यात अनेक सुरावटी एकाच वेळी स्वतंत्र चालतात. आणि ‘शुद्ध’ क्लासिकलची बाजू घेणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं की विला-लोबोस स्वतः रिओमध्ये रस्त्यावर शोरो हे तिथलं लोकप्रिय संगीत वाजवणाऱ्यांच्या संगतीत गिटार वाजवायचा. त्याचे एट्यूड चालतात, माझा बँड चालत नाही. का?

‘वाया गेला’ म्हटलं की राग येतो. पण रागाखाली एक दुखरी जागाही आहे आणि ती आजवर कुणाला सांगितली नाही.

मी ज्या गिटारवर वाढलो ती माझी नव्हती. मला क्लासिकल शिकवणाऱ्या सरांची होती. सीडर लाकडाच्या टॉपची, म्हणजे वरच्या फळीची, स्पेनमध्ये हाताने बनवलेली. आठव्या ग्रेडचे पीस माझ्या स्वस्तातल्या गिटारवर निघेनात, तेव्हा त्यांनी ती केससकट माझ्या हातात दिली. परत कधी द्यायची हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तारा धोबी तलावला फुर्ताडोस या वाद्यांच्या दुकानात मिळायच्या. पैसे साठवून तिथून आणायचो आणि जपून वापरायचो.

पुढे मी बँडमध्ये गेलो आणि ते सरांना स्वतःच जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत. काही दिवसांनी फोन आला, “गिटार घेऊन ये.” मला वाटलं, शिकवणी आहे. वांद्र्याला त्यांच्या घरी पोचलो तर नोट्सचं स्टँड घडी करून भिंतीला लावलेलं. त्यांनी गिटार काढली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि टॉपवरून बोट फिरवत प्रत्येक इंच तपासला. पिकचे, म्हणजे रॉकवाले तारा छेडतात त्या छोट्या पट्टीचे, ओरखडे शोधत होते. एकही नव्हता, कारण त्या गिटारजवळ मी पिक कधी नेलाच नव्हता. हे सांगायचं होतं. त्यांनी विचारलं नाही आणि माझ्याच्याने आपणहून बोलवलं नाही.

मग म्हणाले, “उजवा हात बघू.” स्टीलच्या तारा नखं खातात. अनामिकेचं नख मांसापर्यंत झिजलेलं, तर्जनीचं चिरलेलं आणि सुपरग्लूने सांधलेलं. तो हात त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला. मी घाईघाईने क्लासिकल गिटारवादक जॉन विल्यम्सचं नाव काढलं. ज्याच्याबद्दल थोर स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाने १९५८ मध्ये ‘गिटारचा राजपुत्र’ असं लिहिलं, त्यानेच पुढे इतरांसोबत ‘स्काय’ हा रॉक बँड उभा केला, बाखचा टोकाटा ड्रमसकट इंग्लंडमधल्या खपाच्या यादीत पहिल्या पाचांत नेला. सर शांतपणे म्हणाले, “१९८४ मध्ये तो बाहेर पडला. आणि त्याचा हात शाबूत होता. त्या गोंगाटात तुझं पियानिसिमो कोण ऐकणार आहे, बाळा?” पियानिसिमो म्हणजे अगदी हलक्या आवाजातलं वाजवणं.

बोलता बोलता ते एकेक तार सैल करत होते. गिटार फार दिवस वाजणार नसली की तारा सैल करून ठेवतात.

त्या दिवशी ट्रेनमध्ये मी त्यांना मनातल्या मनात काय काय ऐकवलं! संगीत सगळं एकच, तुमच्या भिंती तुमच्यापाशी ठेवा, जाझ यात्रा या जाझ महोत्सवाच्या वेळी रंगभवनात येऊन बसला असतात तर कळलं असतं. तेव्हाचा मी आज समोर आला तर त्याच्याशीच वाद घालीन. सगळं एकच नसतं. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार ड्रमशेजारी मोठ्या आवाजात फीडबॅक देते, म्हणजे स्पीकर घुमायला लागतो. ब्रिजखाली तारांची कंपनं थेट पकडणारा पिएझो बसवला तर फीडबॅक कमी होतो, पण नखाने काढलेला रंग सपाट होतो. साउंडहोलवरचा मऊ सूर आणि ब्रिजजवळचा धारदार सूर स्पीकरमधून जवळजवळ सारखेच येतात. म्हणून मी स्टीलकडे वळलो, आणि मग नखं गेली. पियानिसिमोचं सर म्हणाले ते खरं होतं.

तरी त्यांचं सगळंच खरं होतं असं मी मानत नाही. अमेरिकन गिटारवादक राल्फ टाउनर व्हिएन्नाला जाऊन कार्ल शाइटकडे क्लासिकल शिकला, १९७२ मध्ये वेदर रिपोर्ट या जाझ बँडच्या दुसऱ्या अल्बमवर बारा तारांची गिटार वाजवून आला, आणि ‘ओरेगॉन’ या आपल्या बँडमध्ये वर्षानुवर्षं नायलॉन आणि बारा तारा दोन्ही वाजवत राहिला. त्याला कुणी ‘का सोडलंस’ विचारलं असेल असं वाटत नाही. सरांना हे ऐकवायला हवं होतं, असं कितीदा मनात येतं. पण लगेच त्यांचं उत्तरही ऐकू येतं: सुरुवातीच्या ओरेगॉनमध्ये ड्रमसेट होता कुठे? अल्लारखाँसाहेबांकडे शिकलेला कॉलिन वॉलकॉट तबला वाजवायचा, आणि तबला गिटारला बोलू देतो. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

मधल्या काळात जिंगल्स केल्या, शिकवण्या केल्या, बँड मोडले, नवे झाले. ते तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा पुन्हा विचाराल तर ‘का सोडलंस’ नको, ‘काय गेलं’ ते विचारा. ट्रेमोलो गेला, म्हणजे एकच सूर भराभर वाजवून सलग थरथरता ठेवणं. अंगठ्यानंतर अनामिका, मध्यमा, तर्जनी, तिन्ही नखं एकाच लांबीची आणि एकाच धारेची लागतात. अनामिकेवर मी आता अ‍ॅक्रिलिक लावतो, पण त्याचा आवाज वेगळा येतो. ताऱेगा या स्पॅनिश संगीतकाराचं ट्रेमोलोतलं काही वाजवायला बसलो की तीनातली एक नोट दर वेळी परकी लागते. ऐकणाऱ्यांना ते कळत नाही. सरांना पहिल्याच बारमध्ये कळलं असतं. आणि तरीही रात्री ७/८ सुरू झालं, अंगठा चारात निघाला आणि २८ मात्रांनी सगळे एकदम समेवर आलो, की हे सगळं करायलाच हवं होतं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रियाजाला बसलो की तसं वाटत नाही.