सळई काढा, असं भाऊ म्हणाले

नाशिकमध्ये बसून मी जुनी चित्रं दुरुस्त करते असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कृष्णधवल निगेटिव्हचे डबे येतात. माझ्या टेबलावर बहुतेक वेळा लग्नाच्या कॅसेटी असतात. पावसाळ्यात माळ्यावर विसरलेल्या, बुरशी धरलेल्या. त्यामुळे मुंबईच्या एका छोट्या वितरकानं सुपरहिरोच्या विनोदी चित्रपटाचं काम पाठवलं तेव्हा पैशांची घासाघीस न करताच मी हो म्हणून बसले.

चित्रपटाचं नाव सांगत नाही, ब्लू-रे बाजारात येईपर्यंत तसं ठरलंय. गोष्ट सांगायला हरकत नाही. नायक विजेच्या डीपीला चिकटतो आणि मरण्याऐवजी उडायला लागतो. पण त्याची शक्ती महावितरणच्या विजेवर चालते. लोडशेडिंग सुरू झालं की असेल तिथून खाली. खलनायक पेपरात आलेलं भारनियमनाचं वेळापत्रक कापून खिशात ठेवतो आणि त्याप्रमाणे चोऱ्या करतो. त्या काळातले उन्हाळे ज्यांनी नाशिक-धुळ्याकडे काढलेत, त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

असल्या चित्रपटांचं माहेर म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं मालेगाव. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, पुढे सुपरमॅनही उडवला. फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला आणि अलीकडे रीमा कागती यांनी आख्खा चित्रपट. तेव्हापासून कुणाच्या कपाटात असं काही पडलंय का, हे शोधत माणसं फिरायला लागली. आमचा चित्रपट मालेगावचा नाही, नाशिकचा आहे. सातपूरला लेथवर काम करणाऱ्या एका माणसानं सुट्ट्या आणि तिसरी पाळी सांभाळून तो केला. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणते. व्हीसीडी निघाली, जत्रांमधून विकली गेली, विसरली गेली. मग त्यातले तुकडे मोबाइलवर फिरायला लागले आणि जी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती ती त्यातले संवाद म्हणायला लागली.

वितरकाकडे होती ती व्हीसीडीच. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला जेमतेम ११५० किलोबिट. त्यातून नायकाचं तोंड कुठं संपतं आणि भिंत कुठं सुरू होते हे अंदाजानं ठरवावं लागतं. वितरकानं आधी कुणाकडून तरी ते एआयनं मोठं करून घेतलं होतं. तो नमुना मी जपून ठेवलाय. नायकाला मेणाचं तोंड आलं होतं, सगळ्यांना सारखेच दात आले होते आणि मागच्या सायकलच्या दुकानाची पाटी? शिरोरेषा तेवढी शाबूत आणि खाली कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं लोंबत होती. यंत्राला दिसत नव्हतं ते त्यानं मनानं भरलं. असं भरलेलं चित्र पाहिलं की मला चिडच येते.

नशीब असं की लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ज्या स्टुडिओत मिक्सिंग झालं होतं, तिथल्या लोखंडी कपाटात मूळ मिनी-डीव्ही कॅसेटी निघाल्या. डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६. व्हीसीडीत त्याचा पाव भागही उरत नाही. म्हणजे काम बदललं. व्हीसीडी नकाशासारखी समोर ठेवायची आणि मूळ कॅसेटींतून चित्रपट शॉटमागून शॉट पुन्हा जोडायचा. स्टुडिओकडे लग्नाचेच इफेक्ट होते, त्यामुळे मारामारीच्या मध्येच बदामाच्या आकारात दृश्य बदलतं. तो बदाम मी नव्यानं काढला, त्याच्या गुलाबी कडेसकट.

कॅसेटी वाचवण्यासाठी काही एलपीवर, म्हणजे टेप हळू फिरवणाऱ्या लाँग-प्लेवर शूट केल्या होत्या. साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं मावतात, पण टेपवरच्या रेघा इतक्या अरुंद होतात की बहुतेक वेळा ज्या कॅमेऱ्यानं शूट केलं त्यालाच त्या नीट वाचता येतात. माझ्या डेकवर नुसते चौकोन नाचत होते. स्टुडिओवाल्या दादांनी तोच कॅमेरा शोधून दिला. बॅटरी मेलेली, झाकण रबरबँडनं बांधलेलं, पण टेप वाचणारं हेड जिवंत होतं. अशा कॅमेऱ्याची फायरवायर केबल लावता येणारा जुना संगणक मी याच कामांसाठी सांभाळून ठेवलाय. प्रत्येक कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवायची, कारण दर वेळी खराब चौकोन वेगळ्या जागी येतात. मग प्रत्येक खेपेतले चांगले चौकोन निवडून एक धड फ्रेम जुळवायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि मला फार आवडतं.

जोडकाम झाल्यावर भाऊ आणि मास्तर बघायला आले, तो दिवस सांगायचाय. मास्तर म्हणजे पंचवटीतले टेलर. नायकाची केप त्यांनी शिवली, खलनायकाचं काम त्यांनीच केलं आणि उडण्याच्या दृश्यात सळई धरायला मागे तेच उभे होते. मूळचे साक्रीकडचे, रागावले की अहिराणीवर येतात.

उडण्याची सोय भाऊंनी स्वतः वेल्डिंग करून केली होती. जाड सळईच्या टोकाला सायकलचं सीट, त्यावर नायक पालथा, मागे मांडववाल्याकडून आणलेलं हिरवं कापड आणि केपला आतून एक झालर, सळई झाकायला. कापडाचं नंतर आकाश करायचं. डीव्हीमध्ये चार ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद असते, त्यामुळे हिरवं काढलं की नायकाच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. या कडा मी थोड्या मऊ केल्या, पण पायऱ्या ओळखू येतील एवढ्या ठेवल्या. आणि सर्वांना पाठ असलेल्या पहिल्या कोसळण्याच्या दृश्यात झालर बाजूला झालीय आणि सळई ढळढळीत दिसते. वेल्डिंगचा सांधासुद्धा.

दृश्य आलं तसे भाऊ म्हणाले, “ताई, ही काढा.”

मी वितरकाची मेल दाखवली. दोऱ्या, सळया, सावल्या यांना हात लावू नका, गिऱ्हाईक त्यासाठीच डिस्क घेतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. भाऊंनी ती दोनदा वाचली. “म्हणजे आम्हाला हसायला घेतात.”

आमच्या धंद्यातला दंडक सोपा आहे. काळानं जे केलं ते पुसायचं, माणसानं जे केलं ते ठेवायचं. बुरशी, गळलेले चौकोन, उडालेला रंग हे काळाचं. सळई माणसाची. पण तो माणूस समोर बसून चहा पीत असेल आणि स्वतःच काढा म्हणत असेल तर? कॅसेटी त्याच्या, घाम त्याचा. वितरकाची बाजू मला व्यवहार म्हणून कळत होती, तिचा वास मात्र आवडला नव्हता.

“फाळक्यांनी इथंच नाशकात पिक्चर काढले,” भाऊ म्हणाले. “कालिया मर्दनमध्ये त्यांनी दोरी दाखवली असती का? त्यांना जमलं ते त्यांनी लपवलं. मला जमलं नाही. आता जमतंय तर लपवू द्या.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मास्तरांकडे होतं. “मी तीन तास ती सळई पेलली. मन्हं काम शे ते! तू कोण पुसणार?”

“तुझं काम लपायचं होतं, मास्तर. दिसायचं नव्हतं.”

“मग झालर तू का नाही बघितलीस? कॅमेऱ्यावर तूच होतास ना?”

हे चांगलंच रंगलं. उसन्या घेतलेल्या हॅलोजनपर्यंत गेलं, नायकाच्या लग्नातल्या आहेरापर्यंत गेलं. मी मधेच म्हटलं की त्या संध्याकाळची मूळ कॅसेट इथेच आहे, सगळे टेक बघूया. एलपीवालीच ती, त्या रबरबँडच्या कॅमेऱ्यातून काढलेली. जोडकामासाठी लागला तेवढाच टेक मी उचलला होता, आजूबाजूचं कुणीच पाहिलं नव्हतं.

पहिल्या टेकला झालर जागेवर आहे. सळई अजिबात दिसत नाही. नायक हातवारे करतो, खोटं खोटं ओरडतो आणि आज्ञाधारकपणे गादीवर उतरतो. भाऊ खुर्चीत पुढे सरकले. हा टेक असल्याचं त्यांच्या लक्षातच नव्हतं.

दुसऱ्या टेकला मागे पिठाची गिरणी चाललेली ऐकू येते. नायक नुकता सीटवर स्थिर झालाय, आणि गिरणी बंद पडते. आवाज घरंगळत खाली येतो आणि थांबतो. त्याच क्षणी हॅलोजन विझतो. खरोखरचं लोडशेडिंग, वेळेच्या आधी आलेलं. सळई धरलेले मास्तर दचकतात, सळई हलते, झालर उडते आणि नायक खरंच पडतो. हातवारे नाहीत, ओरडणं नाही, एक “आयला” आणि गादी चुकवून जमिनीवर. गल्लीतून पोरांचा ‘लाइट गेलीऽऽ’चा ओरडा. कॅमेरा बॅटरीवर असल्यामुळे चालूच आहे. उजेड गेल्यानं हिरव्या कापडाचा रंग बदलला, म्हणून पुढे मिक्सिंगमध्ये तिथलं आकाश अर्धवट फाटतं. प्रेक्षकांनी त्याचा अर्थ लावला की वीज गेली की आकाशही जातं, आणि तेव्हापासून तो विनोद भाऊंच्या नावावर जमा आहे.

मग अंधारात आवाज येतात. मास्तर विचारतात, “सळई दिसली का रे?” आणि कॅमेऱ्यामागून भाऊ, आवाज कोवळा, हसून दम लागलेला: “दिसू दे! असा परत पडणार नाही तो. हाच घ्यायचा.”

माझ्या खोलीत मास्तर खुर्चीवर मागे रेलले आणि हात बांधून बसले, निकाल लागल्यासारखे. मलाही तसंच वाटलं. दिग्दर्शकाचा हेतू काय होता यावर आमच्या धंद्यात तासन्तास वाद होतात, इथे तो टेपवर बोलून गेला होता.

भाऊंनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. ऐकून झाल्यावर म्हणाले, “तरी काढा.”

मास्तर उसळले. भाऊंनी त्यांना हातानं थांबवलं. “पडणं घेतलं होतं मी. सळई घेतली नव्हती. पडणं पाहिजे तर सळईसकट घ्यावं लागणार होतं, म्हणून घेतली. आता ताई म्हणतात पडणं राहतं आणि सळई जाते. मग? तेव्हा हे असतं तर मी नसतं केलं?”

आता हे खरं होतं. टेपवरचा भाऊ आणि खुर्चीतला भाऊ यांच्यात मी पहिल्याला जास्त मानायचं का? पहिल्यानं चित्रपट केला, हे कारण पुरेसं आहे असं मला आजही वाटतं. लोकांनी जे पाहिलं, ज्याला ते हसले, ते बदलून ‘हेच होतं’ म्हणून विकणं मला पटत नाही. पण भाऊंना कुणाच्या हसण्याची भीती वाटत होती हेही कळत होतं. जत्रेतलं पोरगं आपल्यातल्या माणसाला हसलं होतं. डिस्क विकत घेऊन हसणारा कोण असेल, कुणास ठाऊक.

तोडगा यंत्रातच होता. ब्लू-रेवर चित्रपटाचे तुकडे एकदाच ठेवून ते कोणत्या क्रमानं लावायचे याच्या दोन याद्या देता येतात. दोन्ही आवृत्त्यांत फरक असलेले शॉट तेवढे दोनदा ठेवायचे. प्ले दाबलं की मूळ सळईवाला चित्रपट, आणि मेनूत वेगळं बटण, दिग्दर्शकाची आवृत्ती. बिनसळईची. आकाश मात्र दोन्हीकडे फाटणार, त्यावर तिघांचंही एकमत होतं. पहिला टेकही पुरवणीत जाईल, अंधारातल्या संवादासह दुसरा अख्खा टेकही जाईल. तो ऐकल्यावर सळईला नुसतं हसणं जरा अवघड जाईल, असा माझा होरा आहे. वितरक फोनवर कुरकुरला. दोन आवृत्त्या म्हणून वेष्टनावर छापता येईल असं सांगितल्यावर लगेच तयार झाला.

बाकीच्या बाबी भराभर मिटल्या. चित्र रुंद करायला वरखाली कापायचं नाही, चारास तीनच ठेवायचं, बाजूला काळ्या पट्ट्या. टेपवर सेकंदाला पन्नास फील्ड, म्हणजे अर्धी अर्धी चित्रं असतात, त्यांचे पन्नास पूर्ण फ्रेम करून ७२०पीवर न्यायचं, म्हणजे धावपळ मूळच्याइतकीच सळसळीत राहते. गिरणीचा आवाज इतर दृश्यांत थोडा खाली, या दृश्यात जसाच्या तसा.

निघताना भाऊ चपला घालत होते तेव्हा मास्तर परत आत आले. आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, ते ट्रान्सफॉर्मरवर उभं राहायचं दृश्य आहे ना. तिथं केपची डावी शिलाई उसवलीय. लोकांना वाटेल, टेलरला काम येत नव्हतं. तेवढी बुजवता आली तर बघा.”

“मास्तर, तीही तुमचंच काम आहे ना?”

“सळईची गोष्ट वेगळी,” ते म्हणाले. “ही शिलाई आहे.”

भाऊंच्या आवृत्तीत ती बुजवली आहे.