घट पाझरला पाहिजे

अश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात आणि चौथ्या दिवसापासून बऱ्याच घरांत एकच घोर लागतो: धान का उगवलं नाही? देवी कोपली का, कुलाचारात काही राहिलं का? चुकलेलं असतं ते बहुतेक वेळा मडक्यात, मातीत नाहीतर पाण्यात. कोपाची भीती कोणी मनात धरू नये.

आधी मडकं. घट म्हणजे भाजलेल्या मातीचं, रंग न दिलेलं मडकं. त्यात पाणी भरलं की ते अंगातून झिरपतं आणि भोवतीच्या मातीला हळूहळू ओल मिळत राहते. सगळी मांडणी या एका गुणावर उभी आहे. नवरात्राच्या तोंडावर नाशिकच्या बाजारात तैलरंगाने रंगवलेले, आरसे चिकटवलेले घटही येतात. देखणे असतात, पण रंगाने छिद्रं बुजलेली असतात. तांब्याच्या कलशालाही पाझर नाही. मग वरून पाणी घालावं लागतं आणि तिथेच घात होतो. घट आणला की पाणी भरून रात्रभर परातीत ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागला पाहिजे. परातीत तळं साचलं तर तडा आहे, बदलून घ्या.

संतांच्या बोलण्यात घट म्हणजे देह. भक्तीचा अर्थ मला या पाझरण्यातच दिसतो. आत भरलेलं असावं आणि ते बाहेर यावं, पण ओतल्यासारखं नव्हे.

आपल्याकडची काळी माती एकटी वापरू नका. ओली झाली की चिकटते, सुकली की वर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच अडतात. दोन वाटे माती, एक वाटा चाळलेलं जुनं शेणखत घ्या. परडीत किंवा पत्रावळीवर दोन बोटं थर, मधोमध घट, भोवती धान्य आणि वर जेमतेम अर्धा बोट माती. धान्य आठ-दहा तास भिजवलेलं असावं आणि एकावर एक ढीग नको.

सप्तधान्य घरागणिक थोडं वेगळं असतं. आपल्या घरचं असेल ते पाळावं. मात्र टरफल काढलेला तांदूळ उगवत नाही, टरफलासकटची साळच लागते. डाळही उगवत नाही, अख्खे मूग हवेत. हरभरा फुगून लवकर कुजतो, म्हणून चार दाणे पुरे. गहू आणि जव सर्वांत भरवशाचे. औषध लावलेलं गुलाबी बियाणं मुळीच घेऊ नका. हेच धान पुढे केसांत माळायचं असतं, गाईपुढेही जातं.

घट पाझरत असेल तर वरून पाणी नको, फक्त घटातलं कमी झालेलं भरा. पाझरत नसेल तर दिवसातून एकदा हाताने शिंपडा. मातीवर पांढरी बुरशी दिसली तर पाणी जास्त झालं आहे, नाहीतर माळ मातीला टेकते आहे. माळ रोज चढते आणि आधीच्या काढत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी दोरी वीतभर उंच बांधा. पहिली विड्याच्या पानांची, पुढे कारळ्याची, झेंडूची, शेवंतीची. कोंब पिवळे निघाले तरी दोष नाही. देवघरात उजेड कमी, म्हणून हिरवा रंग धरत नाही. उकरून मात्र पाहू नका. देव घटी बसले की नऊ दिवस हलवत नाहीत, तो नियम रुजणाऱ्या मुळांनाही लागू आहे. रोज ठरल्या वेळी जवळ बसायचं आणि हात आवरायचा, हा संयम मला उपासापेक्षा कठीण वाटतो.

नंदादीपाचंही असंच. सप्तशृंगगडावरून गावोगावची मुलं ज्योत घेऊन धावत येतात. ती न विझू देता पोचवण्यात जे अवधान लागतं, तेच घरच्या दिव्यापाशी हवं. दिवा विझतो तो बहुधा काजळी धरल्याने. काजळी झाडण्याआधी त्याच ज्योतीवर दुसरी निरांजन लावून ठेवा, म्हणजे वात मिणमिणली तरी अग्नी तोच राहतो. तेल निम्म्यावर आलं की घाला, काठोकाठ भरू नका. समई पडद्यापासून दोन हात लांब असू द्या. तरीही विझलाच तर हात जोडून पुन्हा लावा.

घट नवमीला उठवायचा की दसऱ्याला, हे घरच्या रीतीप्रमाणे. धान आधी देवाला, मग टोपीत, केसांत आणि वडीलधाऱ्यांच्या हातात. उरलेली माती गोदावरीत नेऊन टाकू नका, तुळशीच्या कुंडीत घाला. मडकं धुऊन उन्हात वाळवलं की पक्ष्यांच्या पाण्याला चालतं.